वाचक विचारतात : नळाचं पाणी चांगलं, मग माठातल्या पाण्याला काय झालं?

मागच्या अंकात मी एक छोटं टिपण लिहिलेलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवडा आणि झरी जामणी भागातल्या काही गावांत घरोघरी जाऊन प्यायचं पाणी तपासायचं काम चालू होतं, त्यात मी उन्हाळ्याचे अडीच महिने मदतनीस म्हणून होते, त्याबद्दल. मी मूळची वर्ध्याची, एमएस्सी केमिस्ट्री करतेय, म्हणजे तज्ज्ञ वगैरे काही नाही, बाटल्या धुणारी आणि थेंब मोजणारी पोरगी. टिपण जेमतेम दीड पानाचं होतं पण पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज इतके आले की संपादक म्हणाले, आता तूच बस आणि उत्तरं दे. तर बसलेय. सगळ्यांची उत्तरं देता येणार नाहीत, एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि गावांची-माणसांची नावं मुद्दाम गाळलीत.

प्रश्न : मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या कॉलेजमधूनपण असं सर्वेक्षण होणारे. दिवसभर नेमकं काय करावं लागतं? लॅबमध्ये करतो तसंच असतं का?
(विद्यार्थिनी, लातूर)

अगं, लॅबमध्ये नळ जवळ असतो आणि पंखा असतो, इथूनच फरक सुरू होतो. सकाळी सहाला निघायचं, कारण दहानंतर ऊन डोक्यावर येतं आणि बायका तोवर मजुरीला गेलेल्या असतात, घरात म्हातारी माणसं आणि पोरं. गाडीत दोन पेट्या. एकीत किट, दुसरी थर्माकोलची, बर्फाने भरलेली. बर्फ कुठून? तर पांढरकवड्याच्या बाजारात एक गोळेवाले काका होते, ते आमच्यासाठी लादीतला तुकडा फोडून ठेवायचे.

प्रत्येक स्रोताचे दोन नमुने घ्यायचे. केमिकल तपासणीची बाटली प्लास्टिकची, लिटरभराची, ती त्याच पाण्याने दोन-तीनदा खळबळून घ्यायची. फ्लोराइडसाठी काचेची बाटली चालत नाही, कारण फ्लोराइड काचेशी खेळतं. जंतूंच्या तपासणीची बाटली मात्र निर्जंतुक केलेली असते, ती अजिबात खळबळायची नाही, टोपणाच्या आत बोट लावायचं नाही, गळ्यापर्यंत भरायची नाही, वर थोडी हवा ठेवायची. पहिल्या आठवड्यात मी सवयीने ही बाटलीपण खळबळली, तीन वेळा, छान मन लावून. त्या बाटलीत थायोसल्फेट असतं, पाण्यातला क्लोरीन मारायला, नाहीतर वाटेतच क्लोरीन जंतूंना मारून टाकतो आणि लॅबला वाटतं पाणी एकदम झक्कास. तर ते थायोसल्फेट मी मातीत ओतून मोकळी. हे काम बघणाऱ्या आमच्या मॅडम काही बोलल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या, ते जास्त लागलं.

बोरिंगचं पाणी घेताना (तिकडं हातपंपालाच बोरिंग म्हणतात) आधी चार-पाच मिनिटं हापसायचं, पाइपात साचलेलं जाऊ द्यायचं, मग स्पिरिटचा बोळा पेटवून तोंड शेकायचं आणि मग बाटली भरायची. हे करताना गावातली सगळी पोरं भोवती जमतात, तोंडाला आग लावली म्हटल्यावर जमणारच.

आणि एक, बाटलीवरचा नंबर. मी मार्कर पेनने लिहिला, वर सेलोटेप लावला नाही. बर्फ वितळला, पेटीत पाणी झालं, सहा बाटल्यांवरचे नंबर पुसले. कुठलं पाणी कुणाचं काहीच कळेना. सहाही ओतल्या आणि दुसऱ्या दिवशी परत त्याच गावात, त्याच सहा घरी. एक आजोबा म्हणाले, "काल नेलं ते पिऊन टाकलं का पोरी?"

प्रश्न : मी समाजकार्याचा विद्यार्थी आहे. तुमच्या टिपणात एक वाक्य होतं की 'तपासणी सोपी, सांगणं अवघड'. ते नीट उलगडून सांगाल का?
(विद्यार्थी, तुळजापूर)

हा प्रश्न येणार हे माहीत होतं. आधी बाटलीचं सांगते. जंतू आहेत की नाही हे गावातच बघायला एक छोटी बाटली मिळते, तिला एचटूएस बाटली म्हणतात. आत औषध लावलेली कागदाची पट्टी असते. खुणेपर्यंत पाणी भरायचं, टोपण लावायचं, सावलीत ठेवून द्यायचं. २४ ते ४८ तासांत पाणी काळं पडलं तर समजायचं की विष्ठेतून येणाऱ्या जंतूंची शंका आहे. ही युक्ती आपल्याच देशातली, ग्वाल्हेरच्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत निघाली आणि १९८२ साली जगापुढे आली. वीज नको, मायक्रोस्कोप नको. अगदी शंभर टक्के खरं बोलते असंही नाही, काही भूजलात दुसरेच जंतू तिला काळी करतात, म्हणून काळी आली की लॅबला नमुना पाठवायचाच.

तर एक गाव. टाकीला टीसीएल (म्हणजे ब्लीचिंग पावडर) नीट पडत होतं, नळाच्या पाण्यात क्लोरीन सापडत होता, नळाखाली भरलेली बाटली दोन दिवसांनीही पाण्यासारखीच. आणि घरातल्या माठातून भरलेली? काळी कुळकुळीत. मी चौथ्या घरासमोर उभी, हातात बाटली, आणि उत्साहात मोठ्यांदा म्हणाले, "मावशी, तुमचं पाणी दूषित आहे." ओट्यावर शेजारच्या दोघी-तिघी बसलेल्या. मावशी एकदम गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे मी घाण हाय म्हणता का?"

मला खरंच काही सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी कळलं की त्यांच्या घरी लग्नाची बोलणी करायला पाहुणे येणार होते आणि शेजारणींनी बाटलीची गोष्ट अर्ध्या गावात नेलेली. आता बघा, शेजारणींचे माठ तपासले असते तर तेही काळेच निघाले असते (नंतर निघालेच), पण त्या दिवशी बाटली एकाच घराची होती आणि ती मी रस्त्यावर उभी राहून दाखवली होती.

त्यानंतर मॅडमनी पद्धतच बदलली. रिझल्ट एकट्या घराला, आत बसून. आणि बाटल्या आम्ही भरायच्याच नाहीत. घरातल्या बाईने स्वतः दोन भरायच्या, एक सरळ नळाखाली, एक माठातून, रोज जसं पाणी घेतात अगदी तसंच. त्यांनीच कोळशाने किंवा कुंकवाने खूण करायची आणि दोन्ही बाटल्या त्यांच्याच घडवंचीखाली ठेवायच्या. आम्ही निघून यायचो. दोन दिवसांनी गेलं की सांगायची गरजच पडायची नाही. एका घरी तर सासूबाई दारातच उभ्या, "नळाची गोरी, माठाची काळी, आता सांग काहून?" आणि मग खरं बोलणं सुरू व्हायचं, कारण आता प्रश्न त्यांचा होता.

काहून, ते सोपं आहे तसं. उन्हाळ्यात नळ दिवसाआड, म्हणून पाणी दोन-दोन दिवस साठवलेलं. माठात क्लोरीन टिकत नाही, काही तासांत उडतो. माठ बाहेरून रोज पुसतात पण आतून हात फिरवला तर बुळबुळीत थर लागतो, विशेषतः बुडाशी, कारण उरलेलं पाणी टाकायला जीव होत नाही, नवं पाणी जुन्यावरच ओततात. पाण्याच्या टंचाईत हे मी तरी कुणाला कसं चुकीचं म्हणू? आणि पाणी काढायचं गडवा बुडवून, गडव्यासोबत चार बोटं आत. त्याच हाताने आत्ताच शेण सारवलेलं असतं, पोराचं धुतलेलं असतं.

तुम्ही म्हणाल ओगराळं वापरा. संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान २००० साली सुरू झालं तेव्हापासून लांब दांड्याच्या ओगराळ्याचा प्रचार चालू आहे, आणि गंमत म्हणजे बहुतेक घरांत ओगराळं होतंच, भिंतीला लटकवलेलं. एका ताईंना विचारलं की मग वापरत का नाही, तर त्यांनी ते काढून माठाच्या तोंडात घालून दाखवलं. जातच नव्हतं. वाटी माठाच्या तोंडापेक्षा मोठी. त्या ओगराळ्याने ताक वाढायच्या. मी नोंदवहीत 'ओगराळे आहे : होय' अशी खूण आधीच करून बसलेले. त्या दिवशी रात्री पाच गावांच्या नोंदी परत तपासल्या, सगळीकडे 'होय, होय, होय'. पुढच्या गावापासून आम्ही रकाना बदलला, 'माठात घालून दाखवा'.

तोटीचा माठ हा सगळ्यात सरळ उपाय, हात आत जायचा प्रश्नच नाही. पण तो महाग पडतो आणि तोटी गळायला लागली की लोक चिंधी बांधतात आणि मग ती चिंधी... असो.

प्रश्न : आमच्या सोसायटीत एक आरओवाला आला होता. त्याने आमच्या नळाच्या पाण्यात दोन दांड्या घालून करंट दिला तर पाणी लालकाळं झालं, गाळ आला. त्याच्या मशीनच्या पाण्याला काहीच झालं नाही. टीडीएस ४० दाखवला. हे खरं असतं का?
(निवृत्त कर्मचारी, नाशिक)

काका, तो गाळ पाण्यातला नव्हता, दांडीतला होता. त्या दांड्यांतली एक लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजतं, त्याचा लालसर, हिरवट, काळा गाळ होतो. आरओच्या पाण्यात क्षार नगण्य म्हणून वीज वाहत नाही, दांडी झिजत नाही, पाणी स्वच्छ दिसतं. त्यात चिमूटभर मीठ टाका आणि त्याला परत करंट द्यायला सांगा, त्याच्या मशीनचं पाणीही तसंच लाल होईल. हे आम्ही एका गावच्या शाळेत सातवीच्या वर्गात करून दाखवलेलं, पोरं इतकी खूश झाली की मास्तरांना नंतर पेटी कुलपात ठेवावी लागली.

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, बस. भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, ५०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत चांगलं आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्या असं आहे. मीटर फक्त वीज किती वाहते ते बघून आकडा सांगतो. जंतू त्याला दिसत नाहीत. फ्लोराइड वेगळं काढून सांगता येत नाही. आमच्याकडे टीडीएस साडेचारशे-पाचशेच्या आसपास, म्हणजे दिसायला छान असलेल्या बोरिंगमध्ये फ्लोराइड मर्यादेच्या वर निघालंय. आणि गटाराचं पाणी मिसळलेल्या नळाचा टीडीएस दोनशे असू शकतो. तुमच्या सोसायटीला महापालिकेचं धरणाचं पाणी येत असेल तर आरओची बहुधा गरजच नाही, वर तो एक लिटर शुद्ध देताना दोन-तीन लिटर गटारात सोडतो ते वेगळंच.

प्रश्न : माझ्या अंगणवाडीत आठ-दहा मुलांच्या मोठ्या भावंडांच्या दातांवर पिवळट-तपकिरी डाग आहेत. घासून जात नाहीत. पालक म्हणतात मंजन बदलू. पाणी उकळून दिलं तर चालेल का?
(अंगणवाडी सेविका, यवतमाळ जिल्हा)

ताई, तुम्ही लहानग्यांचं न विचारता मोठ्या भावंडांचं विचारलंत, बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. दुधाच्या दातांवर हे कमी दिसतं, पक्के दात आले की दिसतं. पण डाग पडायचं काम आधीच झालेलं असतं, दात हिरडीच्या आत तयार होत असतात तेव्हा, साधारण जन्मापासून आठ वर्षांपर्यंत. म्हणून मंजन बदलून काही होत नाही, आणि म्हणूनच तुमच्या अंगणवाडीतल्या ज्या मुलांचे दात आज पांढरे आहेत त्यांच्यासाठीच धावपळ करायला पाहिजे.

उकळू नका. म्हणजे जंतूंसाठी उकळा, पण फ्लोराइड उकळून जात नाही, पाणी आटतं आणि फ्लोराइड तेवढंच राहतं, म्हणजे उलट थोडं घट्ट होतं. आपल्या मानकात १ मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत ठीक आणि दुसरा पर्याय नसेल तर १.५ पर्यंत. त्याच्या वर वर्षानुवर्षं गेलं की आधी दात, मग हाडं. गावात पन्नाशीतली माणसं मान न वळवता सगळं अंग वळवून मागे बघतात, उकिडवं बसता येत नाही, ते बघितलं असेल तुम्ही.

हे येतं कुठून? खडकातून. आपल्या भागातल्या खडकातल्या काही खनिजांत फ्लोराइड असतं, आणि खोल बोअरचं पाणी खडकात जास्त वर्षं मुरलेलं. ज्या पाण्यात कॅल्शियम कमी, म्हणजे लोक ज्याला 'गोडं, डाळ शिजणारं' पाणी म्हणतात, त्यात फ्लोराइड जास्त विरघळून राहतं. हे फार वाईट आहे, कारण बायका त्याच बोरिंगवर लांबून येतात. एका आजीला मी सांगितलं की हे नका पिऊ, त्या पलीकडच्या विहिरीचं प्या, तर म्हणाल्या, "त्या विहिरीत डाळ नाही शिजत बाप्पा." मी म्हटलं डाळ यात शिजवा, प्या त्यातलं. तर म्हणाल्या, डाळ पण खायचीच हाय नं. बरोबर होतं त्यांचं.

पहिलं काम, गावातले सगळे स्रोत एकदा तपासून घ्या. एकाच गावात शंभर मीटरवरच्या दोन बोरिंगमध्ये जमीन-अस्मानाचा फरक निघतो. उथळ उघड्या विहिरीत बऱ्याचदा फ्लोराइड कमी असतं (पण जंतू जास्त, तिथे टीसीएल हवंच). किटमध्ये फ्लोराइडचा रंग गुलाबीपासून पिवळ्याकडे जातो, तक्त्याशी जुळवून बघायचा. पण फक्त किटवर भरवसा ठेवू नका, १ आणि १.५ च्या मधला रंग आला की आम्ही तिघांनी तीन आकडे सांगायचो, उन्हात धरला तर वेगळा, सावलीत वेगळा. असा नमुना लॅबला पाठवाच.

पाणी बदलता आलं तर तोच खरा इलाज. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने काढलेली नलगोंडा पद्धत आहे, तुरटी आणि चुन्याने फ्लोराइड खाली बसवायची, पण मापं चुकली की उपयोग नाही, रोज घरी करणं जमत नाही असं मी स्वतः बघितलंय. बोरिंगला लावलेले फ्लोराइडचे फिल्टरही बघितले, आतला माल संपला की बदलावा लागतो, तो बदललेला मला एकाच ठिकाणी दिसला. बाकी दूध, ताक, तीळ, पालेभाजी, आवळा, लिंबू हे आहारात वाढवा, आणि लहान पोरांना काळा चहा देऊ नका, चहाच्या पत्तीतच फ्लोराइड असतं.

प्रश्न : मी ग्रामपंचायतीत जलसुरक्षक आहे. टीसीएल टाकलं की लोक वास येतो म्हणून शिव्या देतात, नाही टाकलं आणि साथ आली तरी मलाच. किती टाकावं?
(जलसुरक्षक, सातारा जिल्हा)

दादा, तुमच्याबद्दल मला फार वाटतं, सगळ्या गावाचं पोट तुमच्या हातात आणि मानधन किती ते तुम्हालाच माहीत. ताजी पावडर, म्हणजे ३३ टक्के क्लोरीनची, १००० लिटरला २.५ ग्रॅम टाकली की लिटरमागे साधारण ०.८ मिलिग्रॅम क्लोरीन पडतो. गढूळ पाणी त्यातला बराच खाऊन टाकतं, म्हणून पावसाळ्यात तेवढ्यावर भागत नाही. कमीत कमी अर्धा तास थांबायचं, मग नळ सोडायचा. आणि ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात उरलेला क्लोरीन रंगावरून बघायची तपासणी, टाकीपाशी नाही, शेवटच्या घरी करायची, तिथे लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी दिसला पाहिजे.

पण खरी गडबड पोत्यात असते. मी बघितलेलं पोतं तोंड उघडं, ग्रामपंचायतीच्या खिडकीत, ऊन येतंय, शेजारी सायकल गंजून लाल झालेली. क्लोरीन सायकलीने खाल्ला, गावाला चुना मिळाला. मग दादा दुप्पट टाकत होते तरी ओटीला रंग येत नव्हता. कोरड्या अंधाऱ्या जागी, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पावडर थेट टाकीत भिरकावू नका, बादलीत कालवा, गाळ बसू द्या, वरचं निवळ पाणी ओता. निम्मी वासाची तक्रार त्यानेच जाते. आणि एप्रिल आणि ऑक्टोबरमधल्या पाणीस्रोतांच्या सर्वेक्षणात लाल कार्ड, म्हणजे धोक्याचा शेरा, आलं तर ते लपवू नका, ते दाखवूनच सरपंचाकडून व्हॉल्व्ह दुरुस्त करून घेता येतो.

प्रश्न : तुरटी फिरवली की पाणी शुद्ध होतं ना? तांब्याच्या भांड्याचं काय? आणि आमच्या खारपाणपट्ट्यातलं खारट पाणी घरी गोड करता येतं का?
(गृहिणी, अकोला)

तुरटीने गढूळपणा खाली बसतो, जंतू बरेच कमी होतात पण सगळे जात नाहीत, त्यानंतर उकळा किंवा क्लोरीनचे थेंब टाका. तांब्यात रात्रभर ठेवलं की जंतू कमी होतात असं प्रयोगांत दिसलंय, पण भांडं आतून घासलेलं हवं आणि त्यातही हात बुडवला तर काय अर्थ. खारटपणा मात्र गाळून, उकळून, तुरटीने कशानेच जात नाही. पूर्णा खोऱ्यातलं ते पाणी मुळातच क्षारांचं आहे, तिथे आरओला खरंच काम आहे, किंवा छपरावरचं पावसाचं पाणी साठवणं.

प्रश्न : तुम्ही पोरं येता, बाटल्या भरता, सह्या घेता, फोटो काढता आणि जाता. आमच्या गावात तीन वेळा पाणी नेलं. रिपोर्ट एकदाही आला नाही. मग आम्ही चौथ्यांदा पाणी का द्यावं?
(शेतकरी, परभणी जिल्हा)

देऊ नका. म्हणजे आधी लिहून घ्या की रिपोर्ट कधी, कुणाच्या हातात आणि कुठल्या भाषेत, मग द्या.

आमचंही सांगते, लपवत नाही. आमचे नमुने लॅबला गेले, रिपोर्ट ज्या कार्यालयाने काम दिलेलं तिकडे गेला, इंग्रजीत, आडव्या कागदावर, अठरा रकाने. आम्ही तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा झेरॉक्स मिळाली. तोवर माझी परीक्षा आलेली. मॅडम आणि आम्ही दोघी-तिघींनी दोन रात्री बसून मराठीत चिठ्ठ्या लिहिल्या, घर नंबर, पाणी कुठलं, काय सापडलं, काय करायचं, चार ओळी, मोठ्या अक्षरात. एका गावात स्वतः वाटल्या. बाकीच्या गावांच्या आशाताईंच्या हातात दिल्या. एका गावच्या चिठ्ठ्या अजून माझ्याकडे आहेत, कारण तिथल्या आशाताई बाळंतपणाच्या रजेवर होत्या आणि मी कुणाच्यातरी हातात देऊन मोकळी व्हायला तयार नव्हते. हे कारण आहे की सबब, तुम्हीच ठरवा.

तुमच्यासाठी एक वाट आहे. जल जीवन मिशन २०१९ पासून आहे, त्यात गावातल्या पाच बायकांना किट वापरायचं प्रशिक्षण द्यायची तरतूद आहे. ग्रामपंचायतीत विचारा, किट आलंय का, कुठल्या कपाटात आहे, त्यातल्या औषधांची मुदत संपली का. शिवाय पाणीपुरवठ्याच्या सरकारी प्रयोगशाळा साध्या लोकांनाही थोड्या फीमध्ये पाणी तपासून देतात. तिथे तुम्ही स्वतः बाटली नेली तर रिपोर्टवर तुमचं नाव असतं, आणि मग तो कुणा साहेबाच्या टेबलावर नाही, तुमच्याकडे येतो.

प्रश्न : ताई, तू तिथलं पाणी प्यायलीस का?
(इयत्ता सातवी, कणकवली)

हो गं. आम्हाला सांगितलेलं की स्वतःची बाटली न्या, बाहेरचं पिऊ नका, आणि मी रोज दोन लिटर न्यायचे. पण ४४ डिग्रीत दुपारी बारापर्यंत बाटलीतलं पाणी चहासारखं होतं, आणि घरात गेल्या गेल्या पहिल्यांदा पाण्याचा गडवा समोर येतो, पाठोपाठ गुळाचा खडा. ज्यांच्याकडे दिवसाआड पाणी येतं ते तुला आधी पाणी देतात आणि तू म्हणणार, नको, माझ्याकडे आहे? मी पहिले चार दिवस तसं म्हणाले. पाचव्या दिवशी एका आजीने गडवा तसाच धरून ठेवला आणि म्हणाली, "तपासाले आमचं पाणी चालते, प्याले नाही चालत?"

प्यायले. थंडगार होतं, माठाचा वास होता. फ्लोराइड एका गडव्याने काही करत नाही, त्याला वर्षं लागतात. जंतूंना मात्र एक गडवा पुरतो, आणि तिसऱ्या आठवड्यात मी दोन दिवस ओआरएस पीत पडून होते. कुठल्या घरचं लागलं ते सांगता येत नाही, त्या दिवशी अकरा घरी प्यायलेले.